रजा मंजूर, कॅलेंडरवर हजर

फेब्रुवारीत परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. त्या दिवसांत कुठल्या टेबलावर कोण नसेल, हे हजेरीपुस्तक आधी सांगत नाही.

राज्य शासकीय कर्मचाऱ्याला वर्षाला 8 किरकोळ रजा मिळतात. शिल्लक आस्थापना लिपिकाला ठाऊक असते; सहकाऱ्यांना आणि तालुक्याहून कामासाठी येणाऱ्या माणसाला मात्र उद्याची हजेरी हवी असते. म्हणून रजा मंजूर होताच तिची तारीख सामायिक डिजिटल कॅलेंडरवर आपोआप उमटावी. 1998पासूनच्या ‘आयकॅलेंडर’ या खुल्या पद्धतीमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांच्या नोंदी वाचू शकतात. लिंकने जोडलेलं कॅलेंडर ताजं व्हायला कधी कधी काही तास लागतात, त्यामुळे ऐनवेळच्या रजेला फोनच हवा.

नोंदीत फक्त ‘रजेवर’ दिसावं. आजारपण की घरचं कार्य, हे सगळ्या कार्यालयाला कळण्याचं काहीच कारण नाही.