आधी अंघोळ, मग तेल

वऱ्हाडात लेकराला न्हाऊ घालणं हे एकट्या आईचं काम कधीच नसतं. आजी किंवा चोळणारी बाई पाय पसरून बसते, बाळ पायांवर पालथं पडतं, शेजारी तेलाची वाटी, डाळीचं पीठ, वाफाळतं पाणी, आणि शेवटी ओवा-शेपेची धुरी. ही न्हाणी जवळून पाहण्याची मला फार वर्षांची आवड आहे. त्यातूनच लहान मुलांच्या इसबाकडे वळलो. इसब झालेल्या मुलाचं दुखणं बरंचसं न्हाणीघरातच वाढतं किंवा तिथेच आटोक्यात येतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तिथल्या एका घरी सकाळी थांबलो होतो. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ, दोन्ही गाल लाल, खरखरीत आणि बारीक चिरलेले. रात्रभर गोधडीवर गाल घासतं, असं आई सांगत होती. आजीने आधी तेल जिरवलं, मग पिठाने ते खसखसून काढलं, वर कढत पाणी ओतलं. जे काही तेल उरलं असेल तेही त्या पाण्याबरोबर गेलं. धुरी होईस्तोवर बाळ टाचेने दुसऱ्या पायाची पोटरी घासायला लागलं होतं. निरोगी कातडी हा क्रम खपवून घेते. इसबाच्या कातडीत ओलावा धरून ठेवायची ताकदच कमी असते. उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी ती भेगाळते.

थोडी जुजबी माहिती देऊन टाकतो. डॉक्टर याला अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हणतात. हा आजार संसर्गाचा नाही, 'रक्त खराब' झाल्याने होत नाही. घरात पुष्कळदा कुणाला दमा किंवा सततच्या शिंका असतात. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाशी इसबाचा संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवला. तान्ह्यांना गालांवर, मोठ्या मुलांना कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत होतो. बहुतेकांचा वाढत्या वयात कमी होतो. बोटांच्या बेचक्यांत खाज असेल आणि रात्री घरदार खाजवत असेल, तर ती बहुधा खरूज; तिचं औषध वेगळं.

आता न्हाणी. पाणी कोमट, वेळ पाच-दहा मिनिटं, साबण अगदी सौम्य आणि मळ असेल तिथेच. पीठ नको, उटणं नको, धुरी तर नकोच. मऊ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम जाडसर लावायचं. दिवसातून आणखी एकदा-दोनदा. बोअरचं जड पाणी दोषी आहे का, असं पुष्कळ आया विचारतात. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर पाणी मृदू करून पाहिलं. २०११ च्या त्या अभ्यासात त्वचेला वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे यंत्रावर पैसे घालवायला नकोत. अंघोळीच्या पाण्यात तेल टाकूनही उपयोग नाही, हे २०१८ च्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवलं.

तेलाबद्दल मात्र मला भरभरून बोलायचं आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १२० नवजात बाळांचे तीन गट केले: एकाला करडईचं तेल, दुसऱ्याला खोबरेल, तिसऱ्याला काहीच नाही. पाच दिवसांच्या मालिशीनंतर चोळलेल्या तेलातली स्निग्धाम्लं बाळांच्या रक्तात वाढलेली आढळली. हा अभ्यास २००५ साली छापून आला. तेल अंगी लागतं, हे आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या! तो इसबाचा अभ्यास नव्हता, पण तेल निवडून घ्यावं हे त्यातून कळतं. इसबाच्या मुलांवर फिलिपिन्समध्ये ताज्या नारळाच्या खोबरेलाचा प्रयोग झाला, २०१४ मध्ये. खनिज तेलापेक्षा ते सरस ठरलं. ऑलिव्ह तेलाने मात्र मोठ्यांच्याही त्वचेचं आवरण कमकुवत झालेलं २०१३ मध्ये दिसलं. महागडी बाटली म्हणून ते बाळाला लावू नये. खोबरेलही लावायचं ते अंघोळीनंतर, हलक्या हाताने, आणि चिरलेल्या, पाझरणाऱ्या जागा सोडून.

"काहून, आमची लेकरं काय अशीच वाढली?" कामरगावच्या त्या आजीने मला विचारलं. प्रश्न रास्त होता. तेल सोडू नका, फक्त अंघोळीच्या नंतर न्या, एवढंच मी म्हटलं. त्यावर त्या लगेच तयार झाल्या, कारण त्यांच्या हाताचं काम कुणी हिरावून घेत नव्हतं. सल्ला देणाऱ्यांनी आजीला वगळून आईशी बोलणं थांबवलं पाहिजे.

खरा राग येतो तो चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ट्यूबांचा. गजकर्ण, खरूज, इसब, सगळ्यांवर एकच मिश्र मलम, आत जहाल स्टेरॉइड. महिनोन्‌महिने लावलं की गालाची कातडी पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली, तरी सवय जात नाही. उलट टोकाला, स्टेरॉइडचं नाव काढताच घाबरून औषधच न लावणारे पालक. डॉक्टरांनी ठरवलेलं सौम्य मलम, सांगितलेले दिवस, सांगितलेल्या जागी, हे सुरक्षित आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते. बाळाच्या इसबापायी अंगावर पाजणाऱ्या आईचं वांगं, आंबट, दूध बंद करण्याचं खूळही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको; बाळंतीण उगाच अशक्त होते.

पू, पिवळी खपली, ताप किंवा अचानक दाट फोड आले तर मात्र घरी थांबू नये. कारंज्याला, गरज पडली तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी न्यावं.

आणि नरकचतुर्दशीला? इसबाच्या बाळाला पहाटेचं कढत पाणी आणि सुगंधी उटणं चुकवा, ओवाळणं ठेवा. नवे कपडे सुती घ्या, आदल्या दिवशी साध्या पाण्यात दोनदा खळबळून खळ काढून टाका, आणि जरीची किनार मानेला लागत असेल तर आतून जुन्या धोतराचा मऊ तुकडा शिवून घ्या.