नम्र कोण?

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांना पाठीमागून जादा इंजिने जोडतात, हे कर्जत-खालापूरकडील आमच्या बालवाचकांनी पाहिलेच असेल. बोरघाटाचा हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. काही ठिकाणी त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका आहे. पुढच्या डब्यातील उतारूस त्या मागल्या इंजिनांची वार्ताही नसते. नम्रता म्हणजे मागे राहणे, असे आपण मुलांस शिकवितो. परंतु ही इंजिने मागे असूनही आपले सारे बळ खर्चीत असतात, हे सांगावयास विसरतो. त्यामुळे मान खाली घालून गप्प बसेल तो नम्र आणि विचारपूर्वक 'नाही' म्हणेल तो गर्विष्ठ, असा सोपा पण खोटा हिशेब घरोघरी, आणि मंडळ्यांतूनही, चालू राहतो.

ह्या हिशेबाचा जाच पंडिता रमाबाईंस पुरेपूर सोसावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममार्गातील वडीलधाऱ्या. रमाबाईंनी मांसाहार वर्ज्य ठेवला, तर सिस्टरांस त्यात जातीचा अभिमान दिसला. एखादे मत मनास पटल्यावाचून स्वीकारणार नाही असे त्या म्हणाल्या, तर तो अहंकार ठरला. रमाबाईंची उत्तरे रोखठोक होती. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाही मनुष्याच्या स्वाधीन करण्यास त्या तयार नव्हत्या. तरीही सिस्टरांस त्या पत्रांतून 'आजीबाई' असेच संबोधीत.

परूशी व जकातदार यांचा दृष्टांत (लूक १८) वाचताना आपण सारे जकातदाराच्या शेजारी जाऊन उभे राहतो, आणि त्या परूश्याकडे तुच्छतेने पाहू लागताच त्याची जागा आपणच घेतो. दुसऱ्याच्या गर्वाची नाडी पाहता पाहता वैद्यासच तो ज्वर चढतो, आणि तो प्रेमळ मनुष्यासही सोडीत नाही. सिस्टर जेराल्डीन ह्यांचे रमाबाईंवर व त्यांच्या कन्येवर खरे प्रेम होते. शिवाय त्यांच्या बाजूची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: ती खरमरीत उत्तरे त्यांनी फाडून टाकिली नाहीत. तो पत्रव्यवहार त्यांनीच जपून संकलित केला, आणि १९७७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आपणांस निरुत्तर करणारी पत्रे जपून ठेवणारे किती निघतील?

रमाबाईंची नम्रता मात्र पत्रांत शोधू नये, ती केडगावास पाहावी. १८७८ साली कलकत्त्यास ज्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या, त्या बाई येथे दुष्काळातून आणिलेल्या स्त्रियांमध्ये राहिल्या आणि त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. पूर्वीच्या भाषांतरातील जड संस्कृत शब्द खेड्यातील बायकांस उमगत नसत. म्हणून बाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला. आणि ज्या संस्कृत विद्येने त्यांस कीर्ती दिली होती, तिचेच शब्द वेचून बाहेर काढले व त्यांच्या जागी रोजच्या बोलण्यातील मराठी घातली. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतची कामे मुक्तिसदनातील मुली करीत. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. पाणी भरून आलेली, नुकतीच अक्षरे शिकलेली एखादी बाई वाचताना अडखळू नये, ह्या एका चिंतेपायी त्यांची अखेरची कितीतरी वर्षे खर्ची पडली होती.