खोली नंबर पाचला पत्र कसे पोचेल?

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यातले अंतर जेमतेम आठ किलोमीटर. समजा, अंबरनाथच्या एका शाळेला बदलापूरच्या शाळेशी व्हिडिओवरून बोलायचे आहे. दोन्हीकडे संगणक, कॅमेरा, इंटरनेट सारे आहे. तरीही एका संगणकाने दुसऱ्याला थेट हाक मारली, तर ती बहुधा पोचत नाही. एकाच शाळेच्या दोन वर्गांत मात्र तीच जोडणी सहज होते. असे का व्हावे?

याचे उत्तर उल्हासनगरच्या पत्त्यांत सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावण्या गेल्या तरी 'कॅम्प' हा शब्द टिकला. जुन्या पत्त्यांत बराक नंबर आणि खोली नंबर असतो. आता पाकिटावर नुसते 'खोली नं. ५' लिहिले तर पोस्टमन काय करील? खोली नं. ५ प्रत्येक बराकीत आहे! बराकीच्या आत तेवढा पत्ता पुरतो, बाहेर तो निरुपयोगी ठरतो.

संगणकांचेही तसेच आहे. इंटरनेटचा जुना, आजही वापरात असलेला पत्ता ३२ अंकस्थानांचा असतो; प्रत्येक स्थानी ० किंवा १. असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. जगातल्या सगळ्या यंत्रांना ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागले. म्हणून काही पत्ते 'फक्त घरात वापरण्याचे' ठरले. त्याचा आज प्रचलित असलेला नियम १९९६ सालचा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. ते अंबरनाथच्या शाळेत असतात, बदलापूरच्याही असतात आणि आपल्या घरीही.

संस्थेच्या दारात राउटर बसलेला असतो. आतला संगणक बाहेर काही पाठवतो तेव्हा राउटर पाकिटावरचा खोली नंबर खोडून त्या जागी बराकीचा, म्हणजे संस्थेचा बाहेरचा पत्ता घालतो आणि कोणी पाठवले याची नोंद ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते त्या खोलीत पोचवतो. पण न बोलावता बाहेरून कोणी आले तर? नोंदच नाही, कोणाकडे पाठवायचे? शिवाय बहुतेक संस्था अशा आगंतुकांना मुद्दामच अडवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र दोन्ही संस्थांनी असे केले, की दोघीही आपापल्या दारामागे वाट पाहत बसतात.

यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे, दोन्ही संगणकांनी बाहेरच्या तिसऱ्या संगणकाकडून 'आमचा बाहेरचा पत्ता कोणता दिसतो?' हे विचारून घ्यायचे, ते पत्ते एकमेकांना कळवायचे आणि एकाच वेळी परस्परांकडे पाकिटे पाठवायची. दोन्ही दारांत नोंद झालेली असल्याने येणारे पाकीट उत्तर समजून आत घेतले जाते. पण दार फार कडक असेल तर ही युक्ती फसते. मग दुसरी वाट : दोघांनीही बाहेर पडून मधल्या एका संगणकावर भेटायचे. बैठकीचा जो दुवा आपल्याला मिळतो, तो सहसा अशा भेटीच्या जागेचाच पत्ता असतो.

ही जागा कोठे आहे याला महत्त्व आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. आठ किलोमीटरना सेकंदाचा ४० दशलक्षांश भाग पुरतो. भेटीची जागा सिंगापुरात असेल तर जाऊन-येऊन सुमारे ८,००० किलोमीटर होतात, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. चित्र दाबून लहान करणे, उलगडणे यांचा वेळ वेगळाच. एका बाजूचा उशीर सेकंदाच्या ०.१५ भागाहून कमी असेल तर संभाषण सुरळीत चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्याहून फार वाढला की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

शाळेत त्याने गंमत होईल, न्यायालयात नाही. मुंबईतील डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या खटल्यात अमेरिकेतील साक्षीदार भारतात येण्यास तयार नव्हता. अशी साक्ष व्हिडिओवरून घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिला. न्यायालयीन कोठडी वाढवतानाही आरोपीला व्हिडिओवरून हजर करता येते. पोलीस कोठडीसाठी मात्र त्याला प्रत्यक्षच आणावे लागते. न्यायालय आणि तुरुंग या दोन वेगळ्या संस्था. शब्द तुटला, वकिलाशी खाजगीत बोलता आले नाही, तर नुकसान पडद्यापलीकडच्या माणसाचे होते. पुष्कळ सेवांत संभाषण मधल्या संगणकापर्यंतच कुलूपबंद असते आणि तेथे ते उघडले जाते. तेव्हा तो संगणक कोणाच्या ताब्यात आहे, हे अशा कामी आधी विचारायला हवे असे मला वाटते.

उशीर वर्गात मोजता येतो. दोन विद्यार्थी समोरासमोर बसवा. एकाने 'एक' म्हणावे, दुसऱ्याने ऐकताच 'दोन', पहिल्याने लगेच 'तीन', असे वीसपर्यंत जाऊन वेळ नोंदवा. मग दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून व्हिडिओ कॉलवर तेच करा. जास्त लागलेल्या वेळेला १९ ने भागले की एका बाजूचा सरासरी उशीर मिळतो. टाळ्या मात्र वाजवू नका. अनेक सेवा त्यांना गोंगाट समजून गाळून टाकतात.