हॉज की जड? अठरा वर्षांच्या पोरांची तुलना करायची कशी



परवाच्या व्हिडिओत आपण दोन नवख्या उमेदवारांतून एकाला कसं निवडायचं यावर बोललो. त्यात मी ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉल ड्राफ्टचा उल्लेख केला आणि घाईघाईत पुढे गेलो. विषय दोन वाक्यांत आटपण्यासारखा नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, थोडं लांबणार आहे.

आधी खेळ कुठला ते सांगतो. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्याला बॉक्सिंग डे टेस्ट आठवते. त्याच मैदानावर दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची ग्रँड फायनल होते. आपल्या ओळखीचा गोल चेंडूचा फुटबॉल हा नव्हे. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एका बाजूला १८ खेळाडू. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला की ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर १. या खेळाच्या लीगला एएफएल म्हणतात.

आता ड्राफ्ट. आयपीएलमध्ये लिलाव असतो, ज्याच्याकडे पैसे तो बोली लावतो. इथे पैसा नाही, नंबर चालतो. हंगामात तळाला राहिलेल्या क्लबला पहिली निवड, मग त्याच्या वरच्याला, असं करत चॅम्पियन सगळ्यात शेवटी. १९८६ पासून ही पद्धत चालू आहे. निवडली जाणारी बहुतेक मुलं त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण होणारी. म्हणजे नुकतीच बारावी झालेली किंवा अजून परीक्षा देत असलेली पोरं! त्यांच्याकडे बघून क्लबला ठरवायचं असतं, हा मुलगा २५ व्या वर्षी कसा खेळेल?

आपल्या वर्कशॉपमध्ये किंवा काउंटरवर पोरगा ठेवताना आपणही हेच करतो की नाही? फरक एवढाच, की त्यांचा निकाल पंधरा वर्षांनी अख्ख्या देशाला दिसतो. आपला फक्त आपल्याला दिसतो, आणि तोही आपण लवकर विसरतो.

२००१ ची गोष्ट

ड्राफ्टच्या इतिहासात सगळ्यात जास्त चघळलं गेलेलं वर्ष म्हणजे २००१. पहिली निवड हॉथॉर्न क्लबकडे होती, आणि ती त्यांनी किंमत मोजून मिळवलेली. ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे दोन खेळाडू फ्रीमँटल क्लबला देऊन बदल्यात १, २० आणि ३६ क्रमांकाच्या निवडी घेतल्या. तयार माणसं देऊन कच्ची पोरं घेतली, असा सरळ व्यवहार. असा व्यवहार केल्यावर पहिल्या नंबरला चुकायची सोय राहत नाही.

समोर तीन नावं होती. ल्यूक हॉज, ल्यूक बॉल आणि ख्रिस जड.

हॉज कोलॅक गावचा, डावखुऱ्या पायाचा. चेंडू कुठे येणार हे आधी ओळखायचा, आणि अंगाला अंग भिडवायला घाबरायचा नाही. बॉल आणि जड हे अठराखालच्या संघात एकत्र खेळलेले, दोघेही सँडरिंगहॅम ड्रॅगन्सचे. बॉल म्हणजे जबाबदार, पुढारीपण करणारा. आणि जड? घोळक्यातून चेंडू घेऊन चार पावलांत असा सुटायचा की मागचे बघतच राहायचे. पण त्याच्या खांद्यांच्या दुखापतींचा इतिहास होता, आणि या खेळात खांद्यावर रोजच आदळआपट असते.

हॉथॉर्नने हॉज घेतला. सेंट किल्डाने दुसरा बॉल. तिसऱ्या नंबरवर जड वेस्ट कोस्टला मिळाला.

तीनच वर्षांनी, २००४ मध्ये, जडने ब्राउनलो मेडल मिळवलं. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला पंच मतं देऊन हे मेडल ठरवतात. २००६ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली वेस्ट कोस्ट चॅम्पियन झाला. त्या दिवशी कोणालाही विचारलं असतं, तर हॉथॉर्नने घोडचूक केली असंच उत्तर मिळालं असतं.

थांबा. पुढे बघा. २००८ मध्ये हॉथॉर्न चॅम्पियन, आणि फायनलमधला सर्वोत्तम खेळाडू हॉज. मग २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन विजेतेपदं, तिन्ही वेळा कर्णधार हॉज. २०१४ च्या फायनलमध्येही सर्वोत्तम तोच. जडने २०१० मध्ये दुसरं ब्राउनलो घेतलं, पण तोवर तो कार्लटन क्लबचा झाला होता. सामने मोजाल तर हॉज ३४६, जड २७९, बॉल २२३. बॉलची कथा वेगळीच. तो नंतर कॉलिंगवूडला गेला आणि २०१० मध्ये चॅम्पियन झाला, तेही आपल्याच जुन्या सेंट किल्डाला हरवून. पहिली फायनल बरोबरीत सुटली म्हणून आठवड्याने पुन्हा खेळवावी लागली होती.

मग चांगला कोण? माझं मत स्पष्ट आहे. एकट्याच्या जोरावर सामना फिरवायचा तर जड, संघ बांधायचा तर हॉज. आणि हॉथॉर्नला त्या वेळी संघ बांधायचा होता. ‘जास्त चांगला कोण’ हा प्रश्न अर्धवट आहे. पुढे ‘कशासाठी’ आणि ‘किती वर्षांत’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. वेस्ट कोस्टला जडचा फायदा लगेच मिळाला, सहा हंगामांत. हॉथॉर्नला सातव्या हंगामात पहिलं फळ दिसलं. तुमच्या धंद्यात सात वर्षं थांबायची ताकद आहे का, हे आधी स्वतःला विचारा, मग उमेदवाराकडे बघा.

मागच्या बाकावरची पोरं

याच वर्षाच्या यादीतून एकूण पाच जणांनी पुढे ब्राउनलो घेतलं. जड (निवड ३), जिमी बार्टेल (८), सॅम मिचेल (३६), गॅरी अॅब्लेट ज्युनियर (४०) आणि डेन स्वॉन (५८). नंबर एक आणि दोन या यादीत नाहीत!

आता यावरून प्रेरणादायी भाषणं खूप ठोकता येतील. ‘मार्कांना काही अर्थ नसतो’ वगैरे. मी तसं करणार नाही, कारण आकडा नीट वाचला तर तो तसं म्हणत नाही.

पहिलं म्हणजे अॅब्लेट. त्याचा नंबर ४० लागला तो कोणाचं लक्ष गेलं नाही म्हणून नव्हे. त्याचे वडील जीलाँग क्लबचे दिग्गज, आणि वडिलांच्या क्लबला मुलगा घेण्याची खास सवलत होती. त्या काळच्या नियमाने त्यासाठी तिसऱ्या फेरीतली निवड द्यायची. म्हणजे ४० हा नियमाने ठरलेला भाव होता, गुणांचा नव्हे. आपल्याकडेही ओळखीतून आलेल्या मुलाचा पगार त्याच्या कामावरून ठरलेला असतोच असं नाही. त्यामुळे पगाराच्या आकड्यावरून माणूस जोखू नका.

दुसरं, मिचेल आणि स्वॉन खरेच मागे राहिलेले. मिचेल तर आदल्या वर्षी, २००० मध्ये, कोणीच घेतला नव्हता. उंची कमी, पळणं हळू. पण दोन्ही पायांनी अचूक किक, आणि गर्दीत डोकं शांत. हॉथॉर्नने त्याला ३६ व्या क्रमांकावर घेतला. क्रोडच्या व्यवहारात आलेली ती तिसरी निवड, आठवली? तोच २००८ च्या विजेत्या संघाचा कर्णधार, आणि आज हॉथॉर्नचा कोच.

पण त्याच ३०-६० नंबरांत इतर वर्षी निवडलेली कितीतरी मुलं दोन-तीन हंगामांत घरी जातात. त्यांची नावं आपल्याला कोणी सांगत नाही. २०१५ मध्ये एएफएलने निवडींचा गुणतक्ता आणला. खेळाडूंच्या आधीच्या वर्षांच्या पगारांवरून तो बेतलेला होता. त्यात पहिली निवड ३,००० गुण, दुसरी २,५१७, तिसरी २,२३४, दहावी १,३९५. बघा उतार कसा आहे! पहिल्या दहातच किंमत निम्म्याहून खाली येते, आणि पुढे ती सावकाश घटत जाते. म्हणजे वरचे नंबर सरासरीने खरेच जास्त देतात. मिचेल हा अपवाद आहे, आणि अपवाद शोधायला डोळा लागतो. अपवादालाच नियम समजून मागच्या बाकावरची सगळी पोरं भरती केलीत तर दुकान बसेल.

उंच पोरं उशिरा पिकतात

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला सॅम वॉल्श, कार्लटनकडे. मैदानाच्या मधोमध खेळणारा, दमछाक न होणारा मुलगा. २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी सगळे २२ सामने खेळला आणि सर्वोत्तम नवोदिताचा राइझिंग स्टार किताबही घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथा होता मॅक्स किंग. उंची दोन मीटरच्या वर, गोलसमोर उंच उडी मारून चेंडू झेलणारा फॉरवर्ड. पण ज्या वर्षी क्लबांनी त्याला बघायचं, त्याच वर्षाच्या सुरुवातीला गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. जवळजवळ सगळा हंगाम बाहेर. तरी सेंट किल्डाने चौथी निवड त्याच्यावर लावली. २०१९ मध्ये तो एएफएलचा एकही सामना खेळला नाही. पदार्पण थेट २०२० मध्ये.

२०१९ च्या शेवटी या दोघांची तुलना केली असती तर? एकाचे २२ सामने, दुसऱ्याचा शून्य. पण अशी तुलनाच चुकीची. या खेळात मधल्या फळीतली मुलं लवकर तयार होतात, उंच खेळाडूंना अंगात ताकद भरायला वर्षं लागतात. म्हणून निवड करणारे लोक उंच मुलाला उंच मुलाशीच ताडून बघतात.

आता हे आपल्याकडे लावा. काउंटरवरचा बोलका पोरगा पहिल्याच महिन्यात विक्री वाढवून दाखवतो. मशीनवर शिकणारा पोरगा दोन वर्षं माल बिघडवतो आणि मग तुमच्या कारखान्याचा कणा होतो. दोघांना एकाच तीन महिन्यांच्या फूटपट्टीने मोजलंत तर मशीनवरचा प्रत्येक वेळी नापास होणार. आणि तुम्हाला वाटत राहणार, हल्ली चांगली मुलं मिळत नाहीत!

वयाचंही तसंच. एकाच ड्राफ्टमधला जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर. अठराव्या वर्षी ते अंतर मोठं असतं. धाकटा थोडा मागे दिसला तर तो कमी आहे की फक्त लहान आहे, हे विचारायला हवं.

चाचण्यांबद्दल थोडक्यात. वर्षअखेरीस निवडक मुलांना एकत्र बोलावून कंबाइन होतं. २० मीटर धाव, दोन किलोमीटर धाव, उंच उडी, चपळाई, शिवाय क्लबांच्या मुलाखती. हे सगळं उपयोगी आहे, पण मुलाचा मुख्य हिशोब वर्षभराच्या सामन्यांवरच होतो. स्टॉपवॉचने वेग कळतो, गर्दीत चेंडू कोणाला द्यायचा ते कळत नाही.

आता सगळ्यात दुखरी जागा. २००८ मध्ये मेलबर्न क्लबने पहिल्या नंबरवर जॅक वॉट्स घेतला. २००९ मध्ये, तो शाळेतच शिकत असताना, त्याला राणीच्या वाढदिवसाच्या मोठ्या सामन्यात कॉलिंगवूडविरुद्ध उतरवलं. प्रतिस्पर्ध्यांनी पोराला पहिल्याच दिवशी घेरलं. पुढची कित्येक वर्षं क्लब तळाशी, कोच येतायत आणि जातायत, आणि लोक म्हणतायत, पहिली निवड फुकट गेली. मला हे पटत नाही. बी जोखताना जमीनही जोखावी लागते. तोच मुलगा स्थिर संघात, दोन वर्षं मागे ठेवून वाढवला असता तर वेगळं चित्र दिसलं असतं, असं माझं मत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी आपण मुलाखतीत विचारायला लाजतो. घर कुठे? २०२१ मध्ये पहिला निवडला गेलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस दक्षिण ऑस्ट्रेलियाचा, घेतला मेलबर्नच्या नॉर्थ मेलबर्न क्लबने. एका हंगामानंतर त्याने बदली मागितली आणि पोर्ट अॅडलेडला, आपल्या राज्यात, परतला. जडही मेलबर्नचाच. सहा हंगाम पर्थमध्ये काढून २००७ नंतर घरी आला. पण वेस्ट कोस्टने त्याला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. बदल्यात ड्राफ्टच्या निवडी आणि जॉश केनेडी नावाचा तरुण फॉरवर्ड घेतला, जो पुढे त्यांचा विक्रमी गोल करणारा ठरला. माणूस जाणार हे धरूनच चाललात तर जातानाही काही हाती लागतं. काम लिहून ठेवलेलं, हाताखाली एक तयार केलेला, इतकं तरी.

तर या आठवड्यासाठी एक काम. गेल्या तीन वर्षांत घेतलेल्या माणसांची यादी काढा. प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, घेताना त्याच्याबरोबर दुसरं कोण होतं आणि याला का घेतलं. मग कारण खरं ठरलं का ते लिहा. आठवत नसेल तर कोरं ठेवा, कोऱ्या जागा किती आहेत तेही मोजा. पुढच्या व्हिडिओत आपण मुलाखतीला विचारायचे प्रश्न घेणार आहोत, तेव्हा ही यादी समोर असू द्या. भेटूया!