माळावरच्या लांडग्याची मोजदाद

दिवाळी सरली की घाटावरच्या धनगरांचे वाडे कोकणात उतरू लागतात. भातकापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत आणि धनगराला धान्य, असा हा जुना व्यवहार. वरसे-रोह्याकडच्या लोकांना फणसाड अभयारण्यातला बिबट्या ऐकून माहीत असतो. लांडग्याविषयी मात्र या धनगरांनाच विचारावे. पुणे, अहिल्यानगर, सोलापूरच्या ज्या माळांवरून ते येतात, तेच त्याचे घर. दाट जंगल त्याला नकोच असते.

२०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ आहेत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार लांडगे सुमारे ३,१००. म्हणजे वाघाहूनही कमी! आणि हा अंदाज काढणे फार जिकिरीचे. वाघाचे पट्टे बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे कॅमेऱ्यात तो ओळखता येतो. लांडगे सगळे सारखेच करडे-तपकिरी, आणि पाऊलखुणा थेट गावच्या कुत्र्यासारख्या. म्हणून मग विष्ठेतून जनुकीय तपासणी करायची, तिन्हीसांजेची कोल्हेकुई नव्हे, लांडग्याची हाळी ऐकायची, हिवाळ्यात पिलांच्या बिळांवर दुरून नजर ठेवायची. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काही लांडग्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधूनही अभ्यास झाला. पण बीळ कोणत्या ओढ्याच्या काठी आहे, हे आधी ठाऊक असते ते मेंढपाळालाच.

कुत्र्याशी असलेले हे साम्य आता जिवावर बेतते आहे. पुण्याजवळच्या माळावर वेगळ्याच पिवळसर रंगाचे प्राणी दिसले. त्यांच्या केसांची तपासणी झाली आणि ते लांडगा व कुत्रा यांचा संकर असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. गावाबाहेर कचरा टाकला की मोकाट कुत्री माळावर पोचतात. त्यांचे रोगही पोचतात.

वाघाप्रमाणेच लांडग्यालाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. पण तो राहतो बहुतेक अभयारण्याबाहेर, आणि त्याचा माळ कागदोपत्री ‘पडीक’. तिथे प्लॉट पडतात, नाहीतर गवत उपटून झाडे लावली जातात. हरणे उरली नाहीत की मग तो मेंढरावर येतो. मेंढरू गेले तर सरकारी भरपाई आहे, पण त्यासाठी वनखात्याला कळवून पंचनाम्यापर्यंत थांबावे लागते. वाडा तर दुसऱ्याच दिवशी पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो.