बुडबुड्यांचें कुंपण

वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचा उद्योग वरवर पाहतां अगदीं निरुपद्रवी वाटतो. त्यांत धूर नाहीं, राख नाहीं, कोळशाची ददात नाहीं. डेन्मार्कनें १९९१ सालीं व्हिंडेबी येथें समुद्रांत ११ पवनचक्क्या उभारल्या. पुढें उत्तर समुद्रांत तर त्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. परंतु त्या उभारतांना होणारा आवाज किनाऱ्यावरील मनुष्याच्या कानीं पडत नाहीं. तो सोसावा लागतो पाण्यांतील जीवांना.

अशा पवनचक्कीचा पाया म्हणजे पुष्कळदां एक प्रचंड पोलादी नळकांडें असतें. तें समुद्रतळांत रोवण्यासाठीं यांत्रिक घणाचे हजारों घाव घालावे लागतात. पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५०० मीटर, म्हणजे हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें जातो आणि फार दूरवर पोंचतो.

याचा जाच विशेषतः पॉर्पॉइज नांवाच्या प्राण्यास होतो. डॉल्फिनशीं नातें असलेला हा सस्तन प्राणी जेमतेम दीड मीटर लांबीचा. थंड पाण्यांत देहाची ऊब टिकविण्यासाठीं त्याला रात्रंदिवस भक्ष्य शोधावें लागतें, आणि तें तो स्वतः काढलेल्या बारीक आवाजांचा प्रतिध्वनि ऐकून शोधतो. ज्याचें पोट कानांवर अवलंबून, त्याला घणाच्या गर्जनेपुढें पळ काढण्यावांचून गत्यंतर नसतें. डेन्मार्कच्या पश्चिमेस हॉर्न्स रेव्ह येथें २००८ सालीं दुसऱ्या प्रकल्पाचे खांब ठोकले गेले, तेव्हां सुमारें १८ किलोमीटरपर्यंत या प्राण्यांचा वावर घटलेला आढळला.

जर्मनीनें यावर स्पष्ट मर्यादा घातली: खांबापासून ७५० मीटरवर एका घावाचा ध्वनि १६० डेसिबेलहून अधिक भरतां कामा नये. पाण्यांतील डेसिबेल मोजण्याचा आधारबिंदु हवेंतल्याहून निराळा असल्यामुळें हा आंकडा रस्त्यावरील गोंगाटाशीं ताडून पाहूं नये.

ही अट पाळणें प्रारंभीं जड गेलें. तेव्हां एक साधी युक्ति कामीं आली. खांबाभोंवतीं समुद्रतळावर भोकें पाडलेली नळी वर्तुळाकार अंथरावयाची व तींतून दाबाची हवा सोडावयाची. म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत बुडबुड्यांचें कुंपण तयार होतें. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनीचा बराच अंश माघारीं फिरतो, कांहीं विरून जातो. १० डेसिबेल उतरले, तरी पलीकडे जाणारी ध्वनिशक्ति एक दशांशच उरते. कांहीं आवाज तळाच्या मातींतून निसटतोच; म्हणून कोठें दुहेरी वलय करतात, कोठें खांबाला निराळें आवरण घालतात.

यासाठीं जहाज, यंत्रें आणि इंधन यांचा जादा खर्च येतो, हें खरें. पण वीज स्वच्छ आहे, एवढ्यावरून तिच्या कामाचा गोंगाट क्षम्य ठरत नाहीं. मर्यादा कागदावर निश्चित झाली, म्हणूनच यंत्रज्ञांनीं ही युक्ति सुधारून उपयोगांत आणली. ज्यांना तक्रार करतां येत नाहीं, त्यांच्याकरितां नियम तरी आधींच बोलका असावा लागतो.