आठ तासांचे बंदर: पर्यटक किनाऱ्यावर, तारवटी कामावर

पावसाळा सरला की मुरगाव बंदरात क्रूझ जहाजांचा हंगाम सुरू होतो. सकाळी धक्क्याला लागलेले जहाज, रांगेने उभ्या राहिलेल्या बसगाड्या, जुन्या गोव्याकडे निघालेले पर्यटक आणि रात्री पुन्हा रिता झालेला धक्का हे दृश्य वास्कोवासीयांच्या परिचयाचे आहे. आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा पूर्व कॅरिबियन बेटांवर सकाळचे नऊ वाजलेले असतात. तिथल्या एखाद्या धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या स्वयंपाकघरात किंवा भोजनगृहात त्या घडीला एखादा गोमंतकीय कामावर असण्याची शक्यता बरीच असते.

क्रूझ व्यवसायात गोव्याची भूमिका अशी दुहेरी आहे. आपण जहाजांना माणसे पुरवतो आणि जहाजांचे यजमानही होऊ पाहतो. म्हणूनच बंदरातील एक दिवस नेमका कसा जातो आणि त्या दिवसाची कमाई कोणाच्या हाती उरते, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे. या व्यवसायाचा सर्वांत मोठा पसारा कॅरिबियन समुद्रात असल्याने सुरुवात तिथूनच करावी लागते.

दिवसाचे वेळापत्रक

अमेरिकेतील मायामी शहर क्रूझ व्यवसायाची राजधानी मानले जाते. तिथून निघणारी आठवड्याची सफर साधारणपणे तीन-चार बंदरांना भेट देते. जहाज रात्री प्रवास करते आणि सकाळच्या सुमारास बंदराजवळ पोहोचते. स्थानिक पायलट जहाजावर चढतो, त्याच्या मार्गदर्शनाखाली जहाज धक्क्याला लागते, दोरखंड बांधले जातात आणि अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्यावर प्रवासी उतरू लागतात. प्रत्येकाच्या उतरण्याची आणि परतण्याची नोंद ओळखपत्रावरून होते. त्यामुळे किनाऱ्यावर कोण राहिले आहे, हे जहाजाला अचूक कळते.

सुटण्याच्या सुमारे अर्धा तास आधी सर्वांनी परतायचे असते. स्वतःहून फिरायला गेलेल्या प्रवाशाला उशीर झाला तर जहाज त्याच्यासाठी थांबेलच असे नाही; न थांबल्यास पुढचे बंदर त्याला स्वखर्चाने गाठावे लागते. कंपनीकडून घेतलेली सहल उशिरा परतली, तर मात्र जहाज वाट पाहते. नियम छोटा आहे, पण स्थानिक टॅक्सीवाल्याकडे जाऊ शकणारा प्रवासी त्याच्या धास्तीने कंपनीच्या सहलीकडे वळतो.

या गर्दीचा आकारही ध्यानात घ्यायला हवा. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर, एका खोलीत दोघे धरले तरी, ५,६१० प्रवासी मावतात. कर्मचारी सुमारे २,३५० असतात. सिंट मार्टेन या सुमारे चाळीस हजार वस्तीच्या डच प्रदेशाची राजधानी फिलिप्सबर्ग येथे हंगामात अशी अनेक जहाजे एकाच दिवशी लागतात. तिथल्या मुख्य बाजारपेठेत दागिन्यांची आणि घड्याळांची करमुक्त दुकाने ओळीने उभी आहेत. त्यांतील कित्येक दुकाने भारतातून गेलेल्या सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. जहाजे आली की बाजार फुलतो आणि ती गेली की दुकानांची दारे लवकर लागतात.

तारवटींचे दोन तास

प्रवाशांसाठी बंदराचा दिवस ही सुट्टी असते. कर्मचाऱ्यांसाठी ती दोन पाळ्यांमधली फट असते. प्रवासी उतरले म्हणजे खोल्या साफ करायच्या, रसद चढवायची आणि रात्रीच्या जेवणाची तयारी करायची. जहाज रिकामे असताना आग विझवण्याची आणि जीवरक्षक होड्या सोडण्याची कवायत घेणेही सोयीचे पडते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांनुसार प्रवासी जहाजांवर ही कवायत दर आठवड्याला व्हावी लागते. शिवाय आणीबाणीच्या प्रसंगी जहाज हाताळता यावे यासाठी काही कर्मचाऱ्यांना पाळीपाळीने जहाजावरच थांबावे लागते. पाळी आपली असेल, तर धक्का समोर दिसत असूनही पाय जमिनीला लागत नाहीत.

सागरी कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ मध्ये संमत झाला आणि २०१३ मध्ये अमलात आला. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. रोजची विश्रांती दोनपेक्षा अधिक तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यांतील एक तुकडा किमान सहा तासांचा असावा लागतो. पर्यायी मोजणीनुसार कामाची कमाल मर्यादा दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तास आहे. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहूनही आठवड्याचे सातही दिवस दहा-दहा तास काम करता येते, आणि करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. या हिशेबात किनाऱ्यावरचे दोन तास म्हणजे घरी फोन, एखादे पाकीट, थोडी खरेदी आणि पुन्हा जहाज. करारात किनाऱ्यावर जाण्याच्या रजेचा उल्लेख आहे तो याच कारणासाठी: मनाच्या आरोग्यासाठी जमिनीची गरज असते.

गोमंतकीयांना हे जीवन नवे नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर गोव्याचे आचारी आणि वाढपी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले. मुंबईत धोबीतलाव परिसरात गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. जहाज मिळेपर्यंत तारवटी तिथे मुक्काम करत. २०२० साली कोविडमुळे क्रूझ व्यवसाय ठप्प झाला, तेव्हा हजारो भारतीय कर्मचारी जहाजांवर अडकून पडले आणि गोव्यातील घराघरांत त्याची झळ पोहोचली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने निवृत्त तारवटी आणि त्यांच्या विधवांसाठी दरमहा २,५०० रुपयांची निवृत्तिवेतन योजना आखली. दर्यावर घालवलेल्या आयुष्याच्या तुलनेत ही रक्कम मोठी नव्हे, पण या कष्टांची सरकारदरबारी झालेली ती नोंद आहे.

पैसा कोठे थांबतो?

प्रवाशाचे जेवण, झोप आणि करमणूक यांची किंमत जहाजावरच चुकती झालेली असते. बंदराच्या वाट्याला उरतो तो सहलीचा, टॅक्सीचा आणि खरेदीचा पैसा. सहल जहाजावर विकली गेली, तर तिच्या किमतीतील मोठा हिस्सा कंपनीकडे राहतो. त्यापुढचे पाऊल म्हणजे बंदरच आपले करणे. हैतीतील लाबादी हा किनारा रॉयल कॅरिबियन कंपनीने १९८० च्या दशकात भाडेपट्ट्याने घेतला. कुंपणाआतील किनाऱ्यावर पर्यटक आणि बाहेर जगातील एक अत्यंत दरिद्री देश, असे चित्र तिथे दिसत असे. १२ जानेवारी २०१० च्या विनाशकारी भूकंपानंतर काही दिवसांतच तिथे पर्यटकांचे जहाज लागले. जहाजाने मदतसामग्रीही आणली होती, तरीही त्यावरून जगभर वाद झाला. बहामाजमध्ये तर आता कंपन्यांची स्वतःची बेटे आणि किनारे आहेत. तिथे प्रवासी दिवसभर खर्च करतो तोही बहुतांशी कंपनीच्याच दुकानांत.

बेटे मात्र गप्प बसलेली नाहीत. मेक्सिकोने प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे ४२ डॉलर कर आकारण्याचे ठरवले होते. कोझुमेलसारखी कॅरिबियन बंदरे जहाजांवरच जगतात, त्यामुळे कंपन्यांनी विरोध करताच तडजोड झाली आणि जुलै २०२५ पासून तो ५ डॉलरने सुरू झाला. पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढवायचा आहे. केमन बेटांवर मोठी जहाजे समुद्रात नांगर टाकतात आणि प्रवासी होड्यांतून किनारा गाठतात. तिथे धक्का बांधावा का, या प्रश्नावर एप्रिल २०२५ मध्ये सार्वमत झाले आणि बहुसंख्य मतदारांनी नकार दिला. एका बंदराने किंमत वाढवू पाहिली, दुसऱ्याने गर्दीला मर्यादा घातली. जहाज पुढच्या बेटाकडे वळू शकते, ही कंपन्यांची ताकद आहे. म्हणून एकट्या बंदराची घासाघीस नेहमी कमकुवत पडते.

मुरगावसमोरचे प्रश्न

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. ई-व्हिसावर प्रवेश देणाऱ्या देशातील बंदरांत मुरगावचा समावेश आहे. परंतु हेच बंदर कोळसा आणि खनिज हाताळते. कोळशाच्या धुळीविषयी वास्कोवासीयांची तक्रार जुनी आहे. शिवाय पर्यटकांच्या बसगाड्या धक्क्यावरून थेट जुन्या गोव्यातील चर्च, मंगेशीचे देवालय किंवा फोंड्यातील मसाल्याच्या बागांकडे निघतात. जुना गोवा वास्कोपासून सुमारे ३० किलोमीटर दूर. जाण्यायेण्यातच वेळ सरतो आणि ज्या शहराने धूळ सोसली, त्याच्या बाजारात पर्यटक क्वचितच रेंगाळतो.

त्यामुळे वर्षाला किती जहाजे आली, एवढ्याच आकड्यावर यश मोजणे अपुरे ठरेल. जहाज किती तास थांबले, किती प्रवासी स्थानिक टॅक्सीने फिरले, वास्कोत किती खर्च झाला, हेही मोजले पाहिजे. टॅक्सीचे ठरलेले दर धक्क्यावर लिहिलेले असावेत. मुरगाव, कोची, मंगळूर आणि मुंबई यांनी परस्परांशी स्पर्धा करत दर पाडण्याऐवजी एकत्र बसून अटी ठरवाव्यात, हा कॅरिबियन बेटांच्या अनुभवाचा धडा आहे.

आणखी एक गोष्ट गोव्याने इतरांआधी करायला हवी. मुरगावला लागलेल्या जहाजातून दुपारी दोन तासांसाठी फिलिपिनो, इंडोनेशियन किंवा आपलाच एखादा केरळी कर्मचारी उतरतो. त्याला वास्कोपर्यंत नेणारी बस, चांगले इंटरनेट आणि बसायला सावलीची जागा एवढेच हवे असते. आपली मुले फिलिप्सबर्गच्या धक्क्यावर तेच शोधत असतात.